एक हात उजळ

सांगलीत जालिंदर बनसोडेला ओळखणारे वीस-पंचवीस जण असतील. त्यातल्या निम्म्यांना तो रेल्वेत नोकरीला आहे असं वाटतं, आणि उरलेले त्याला पासपोर्ट साईज फोटो किती वेळात मिळेल असं विचारतात. इंग्लंडात मात्र शे-दीडशे माणसं त्याला नावानिशी ओळखतात. ती सगळी सत्तरीच्या पुढची आहेत, बहुतेकांचे गुडघे गेलेले आहेत, आणि सगळ्यांचा जीव वाफेच्या इंजिनांत अडकलेला आहे. इंटरनेटवर त्यांचं एक मंडळ आहे. तिथे 'जालिंदर फ्रॉम सांगली'ने मत दिलं की वाद मिटतो म्हणे. इथे माधवनगरात तो एकदा नळकोंडाळ्यावरचा वाद मिटवायला गेला होता, तर दोन्ही बाजूंनी मिळून त्यालाच घरी पाठवलं.

त्याचं काम काय ते सांगतो, म्हणजे तुम्हीही त्याला रेल्वेची तिकिटं मागणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी विलायतेत कुणाच्या तरी डोक्यात आलं की इंजिनाला वारा अडवतो. मग त्यांनी चांगल्या धडधाकट इंजिनांवर पत्र्याचा गुळगुळीत झगा चढवला. काही इंजिनं पुढून माशाच्या तोंडासारखी झाली, काही पालथ्या घमेल्यासारखी. दिसायला देखणी, पण दुरुस्तीला हात घालायचा तर आधी झगा उतरवा. त्यातली बरीचशी इंजिनं आता भंगारात गेली आणि मागे राहिले ते काळेपांढरे फोटो. हे फोटो रंगीत करायचे, आणि तेही मनाला येईल तसे नाही, तर मूळ रंगात, हा जालिंदरचा धंदा. ज्या इंजिनाला त्याने पाहिलं नाही, ज्या देशात तो गेला नाही, तिथला निळा नेमका किती निळा होता यावर हा माणूस तीन-तीन महिने डोकं शिणवतो. घरातल्या भिंतीचा पोपडा निघालेला आहे, त्याला कुठला रंग द्यायचा हे मात्र आठ वर्षं ठरलेलं नाही.

मी अजीम अत्तार. फोटोंच्या चौकटी करतो. गणपती पेठेच्या मागच्या बोळात आमचं दुकान वडिलांपासून आहे. शेजारी रुमाना फोटो स्टुडिओ होता, महंमदचाचांचा. रुमाना त्यांची मुलगी. जालिंदर सोळाव्या वर्षी तिथे रंग भरायला शिकला. तेव्हा रंगीत फिल्म महाग होती, म्हणून फोटो काळापांढरा काढायचा आणि वरून हाताने रंगवायचा. काडीला कापूस गुंडाळून, रंगाचे कागद पाण्यात भिजवून, आधी फिकट, मग गडद. लुगड्याचा काठ, कपाळाचं कुंकू, फेट्याचा तुरा. महंमदचाचांचा हात असा होता की फोटोतल्या झेंडूला वास येईल असं वाटे.

पण त्यांचा एक नियम होता. चेहरा एक हात उजळ. म्हणजे माणूस असेल त्याहून रंगाचा एक हात गोरा करायचा. लग्नाच्या मुलीचा फोटो असो, निवडणुकीतल्या उमेदवाराचा असो, की कुणी वारल्यावर मोठा करायला आणलेला असो. गिऱ्हाईक सांगो न सांगो. सांगायचेच म्हणा सगळे. तोंडाने नाही सांगितलं तरी फोटो देताना 'जरा बघा आता तुमी' असं म्हणायचे, त्याचा अर्थ तोच. जातीपातीचा प्रश्नच नाही. ब्राह्मण, मराठा, मुसलमान, लिंगायत, सगळ्यांना एकच डबी. आमच्या दुकानातून बाहेर पडलेल्या चौकटी पाहाल तर माधवनगरपासून कडेगावपर्यंत पन्नास वर्षांत एकही सावळा माणूस मेला नाही. सगळे गुलाबी गालांचे होऊन गेले. मीही त्यांना काचेखाली बसवलं, चार खिळे मारले आणि कधी तोंडातून शब्द काढला नाही.

पुढे रंगीत फिल्म स्वस्त झाली, मग फिल्मच गेली, मग महंमदचाचा गेले. स्टुडिओच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. जालिंदरने पंचेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटर घेतला. क्लासमधली पोरं त्याला काका म्हणून हसायची, पण कापसाच्या काडीने शिकलेला हात उंदरावरही चालला. एका रिकाम्या दुपारी त्याने कुठलं तरी विलायती इंजिन रंगवून इंटरनेटवर टाकलं, आणि त्या मंडळातल्या हॅरल्ड नावाच्या म्हाताऱ्याने त्याला धरलं, ते अजून सोडलेलं नाही. हॅरल्ड शाळामास्तर होता, आता इंजिनांचं पुस्तक करतोय. दहा वर्षं करतोय.

जालिंदरचं नाव झालं ते एका भांडणामुळे. एका फोटोत झगेवालं इंजिन काळंकुळकुळीत दिसत होतं. मंडळातले निम्मे म्हणाले काळंच होतं, निम्मे म्हणाले गडद निळं. शिव्याही दिल्या एकमेकांना, फार सभ्य इंग्रजीत. जालिंदर म्हणाला, तांबडं होतं. का? तर जुन्या फिल्मला तांबडा दिसत नसे, ती त्याला काळाच समजायची. इंजिनाच्या पुढची आडवी पट्टी तांबडी असते हे सगळ्या मंडळाला ठाऊक. ती पट्टी जेवढी काळी दिसतेय तेवढंच अंगही काळं दिसतंय, मग अंगही तांबडंच. पुढे कुणाच्या तरी माळ्यावर त्या इंजिनाच्या पत्र्याचा तुकडा सापडला, डाळिंबाच्या दाण्यासारखा. तेव्हापासून जालिंदरचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

"एक गोष्ट ठरलेली घ्यायची," तो मला सांगायचा, "जिचा रंग आपल्याला पक्का ठावं हाय. मग तिच्यावरनं बाकीची तोलायची. आपल्या मनाचं कायबी घालायचं न्हाई."

हल्ली बटण दाबलं की आपोआप रंग भरणारी यंत्रं निघाली आहेत. त्यांच्यावर त्याचा फार राग. "त्या यंत्राला वाटतं जगातली सगळी इंजनं काळी आनि सगळी मानसं गोरी," असं तो म्हणायचा आणि स्वतःच्या विनोदावर चहा सांडेपर्यंत हसायचा. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

आता त्याच्या आईबद्दल. भामाबाई, वय चौऱ्याहत्तर, माहेर कडेगाव. माधवनगरच्या गिरणीत कांड्या भरून तिने एकटीने पोरगं वाढवलं. नवरा नाथाजी मिरजेच्या इंजिन शेडात साफसफाईला होता. तेलात बुडवलेल्या सुताच्या गुंत्याने इंजिनं पुसायची, हे त्याचं काम. तो काविळीने गेला तेव्हा जालिंदर पाच वर्षांचा होता. त्याला बापाचं आठवतं ते एवढंच: तेलाचा वास, आणि उचलून घेताना बनियनचं भोक.

बाकी बाप म्हणजे भिंतीवरचा फोटो. रुमाना स्टुडिओत मोठा करून, महंमदचाचांनी स्वतः रंगवलेला, चौकट आमच्या वडिलांची. त्यात नाथाजी बनसोडे कोट घालून बसलेले आहेत. कोट स्टुडिओचा. गाल गुलाबी, ओठ लालसर, कपाळ चकचकीत. एखाद्या बँकेचे मॅनेजर वाटावेत. भामाबाई त्या फोटोला 'भिंतीवरला' म्हणायची. 'भिंतीवरला वाकडा झालाय बघ,' 'भिंतीवरल्याची धूळ पूस गं माया.' माया म्हणजे जालिंदरची बायको. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी तर चारचौघांत सांगायचो, बघा, याला म्हणतात मान.

गेल्या दिवाळीच्या आधी मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की म्हातारीला काचबिंदू आहे. डावा डोळा गेलाच आहे, उजव्याची खिडकी कडेकडेने मिटत चालली आहे, आणि गेलेलं परत येत नाही. थेंब घाला, पण तीन-चार महिन्यांत हीही मिटेल. जालिंदरने रिक्षातून येताना आईला ते जरा सौम्य करून सांगितलं. म्हणजे इथेही एक हात उजळ. ती म्हणाली, "डाक्टरचं मी ऐकलंय. कान शाबूत हायत माजं."

आणि त्या संध्याकाळी तिने लोखंडी पेटी उघडली, तळाच्या लुगड्याच्या घडीतून तळहाताएवढा एक फोटो काढला आणि पोराच्या हातात दिला. पोराने तो पंचावन्न वर्षांत पाहिला नव्हता. शेडातली खंडेनवमी. रूळ रुंद झाल्यावर मिरजेला जी नवी इंजिनं यायला लागली, त्यातलं एक. पुढे अर्ध्या नारळासारखं गोल नाक, नाकावर चांदणी. शेडातले लोक त्याला 'नाकाडं' म्हणायचे. विलायतेचा पूर्ण झगा नाही, नुसतं टोपडं म्हणा, पण घराणं तेच. नाकाला झेंडूचा हार, आणि चाकापाशी उघड्या डोक्याने, हातात सुताचा गुंता धरून, एक माणूस उभा.

"रंगव," भामाबाई म्हणाली. "समद्या जगाची इंजनं रंगवतोस. ह्ये येक माज्यासाठी रंगव. डोळं हायती तवर मला त्येंना बघू दे."

झालं. जालिंदरने हॅरल्डला कळवलं की घरचं काम आहे, थांबा. दहा वर्षं थांबलेल्या माणसाला काय फरक पडतो? उलट नाकाड्याचं नाव ऐकून सगळं मंडळ खूश झालं, आणि मिरजेच्या शेडातल्या इंजिनाचा हिरवा कुठला यावर लिव्हरपूलमध्ये चर्चा सुरू झाली. जालिंदरने त्याची ती ठरलेली गोष्ट धरली: झेंडू. खंडेनवमीचा झेंडू कसा असतो हे सांगलीच्या माणसाला कुणी शिकवायला नको. झेंडूवरून त्याने चांदणीचं पितळ तोललं, पितळावरून अंगाचा हिरवा, हिरव्यावरून चाकांच्या कडेचा पांढरा. तीन आठवडे. एका नटबोल्टासाठी मला रात्री फोन करून विचारलं की तेल लागलेलं लोखंड दुपारी कसं दिसतं. मी म्हटलं, झोपलेल्या माणसासारखं.

छपाई मिरजेत करून आणली. एका रविवारी सकाळी मी चौकट घेऊन गेलो. फोटो असा झाला होता की मी, चाळीस वर्षं फोटो हाताळणारा माणूस, दारातच थांबलो. इंजिन तर आत्ता शिट्टी मारेल असं. जालिंदर नवीन सदरा घालून बसला होता. मायाने शिरा केला होता.

भामाबाईने फोटो हातात घेतला. आता ती नळीतून बघावं तसं बघते; एका वेळी तिला चार बोटांएवढंच दिसतं. त्यामुळे ती डोळा हलवत नाही, फोटो हलवते. आधी चांदणी सापडली. मग हार. "झेंडू झ्याक आलाय," ती म्हणाली. जालिंदरने माझ्याकडे पाहिलं. मग चाक. मग हात, सुताचा गुंता. मग चेहरा. तिथे फोटो थांबला. बराच वेळ थांबला.

"ह्यो कोण सायब?" भामाबाई म्हणाली.

"आगं आई, आबा न्हवं का."

"न्हाई."

"नीट बघ की."

"नीटच बघितलं. इंजन हाय, हार हाय, सूत हाय. तुजं आबा कुटं गेलं?" तिने फोटो पुन्हा नळीत आणला. "ह्यो तर भिंतीवरला हाय. ह्येला हितं कशाला आनून उबा केलास?"

शिऱ्याची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. मायाने गॅस बंद केला. भिंतीवरून गुलाबी गालांचा मॅनेजर आमच्याकडे बघत होता, आणि मला पहिल्यांदा म्हातारीच्या बोलण्यातलं व्याकरण कळलं. ती 'त्येंना' म्हणायची नवऱ्याला. 'तुजं आबा गेलं, आलं, बसलं.' आणि भिंतीवरला मात्र कायम 'तो'. भिंतीवरला पडला, भिंतीवरला वाकडा झाला. आमच्याकडची कुठली बाई नवऱ्याला एकेरीत बोलते? पन्नास वर्षं ती बाई आम्हाला स्वच्छ मराठीत सांगत होती की हा माझा नवरा नाही, आणि आम्ही त्याला मान म्हणत होतो.

"मग इतकी वर्सं गप का बसलीस?" जालिंदर ओरडला. आईवर ओरडायचा तो माणूस नाही.

"फोटो आला तवा तुजी आजी नाचायला लागली. माजा ल्योक सायबागत दिसतुया म्हनून गल्लीभर दावून आली. मी चोवीस वर्सांची रांडमुंड. तिला काय सांगू, ह्यो तुजा ल्योक न्हाई म्हनून? मग तू मोठा झालास. साळंत जाताना त्येच्या पाया पडायचास. मग तर काय बोलायचंच ऱ्हायलं न्हाई." तिने फोटो खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे. लय कष्ट घेतलंस. इंजन चांगलं झालंय."

'इंजन चांगलं झालंय' हे ती मनापासून म्हणाली, आणि त्यानेच जालिंदर खचला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. मी फटकळ माणूस आहे, माझ्या जिभेवर ते यंत्राचं वाक्य तयार होतं: सगळी इंजनं काळी आणि सगळी माणसं गोरी. पण त्याचं तोंड बघून मी ते गिळलं. आजवर गिळलेल्या मोजक्या वाक्यांपैकी ते एक.

त्याने मूळ फोटो काउंटरवर ठेवला. म्हणाला, "झेंडूवरनं समदं तोललं. बोल्टसुदीक तोलला. आनि तोंडापाशी आलो तवा म्हटलं, ह्ये तर मला ठावंच हाय. भिंतीवरच्या फोटोतनं रंग उचलला. हितं तोंड काळं दिसत हुतं, म्हटलं शेडातली काजळी हाय. पुसून काढली." त्याने फोटो माझ्याकडे सरकवला. "अजीम, काजळी म्हनून मी बाच पुसला रं."

मला फार वाईट वाटलं. त्याच्यासाठी वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही. तो खोटा बाप महंमदचाचांनी रंगवला होता, पण भिंतीवर टांगण्यालायक आमच्या घराने केला होता. आणि तसे किती? चारशे? सहाशे? त्यांच्या बायका काय म्हणत असतील त्यांना घरात, देव जाणे.

पण रडत बसायला वेळ नव्हता. भामाबाईची खिडकी दर आठवड्याला मिटत होती. आधी तिला ताटाची कड दिसेनाशी झाली, मग ताटातली भाजी शोधायला लागायची. जालिंदर पुन्हा बसला. चेहऱ्यावरचं सगळं काढून टाकलं. आता प्रश्न असा की फोटो सांगतो माणूस किती गडद होता. कसा गडद होता हे सांगत नाही. झेंडूलाही ते सांगता येईना. काळ्यातही शंभर जाती असतात. आणि ज्या माणसाकडे विलायती निळ्याची एकोणीस नावं होती, त्याच्याकडे आपल्या बापाच्या रंगाला एक शब्द नव्हता. आमच्या धंद्यात तो शब्द लागलाच नाही कधी. 'उजळ' एवढा एकच शब्द पुरायचा.

त्याने तपकिरी रंगांच्या चाळीस पट्ट्या छापून आईपुढे धरल्या. ती एकेक नळीत घ्यायची आणि बाजूला टाकायची. "ह्यो पाटाचा रंग. ह्यो चहाचा. ह्यो मातीचा, आनि तीबी आमच्याकडंची न्हाई. ह्यो पुसलेल्या चपलीचा. काय रं, तुज्या बाला जोड्यात घालतुयास व्हय?"

चाळिसावी पट्टीही तिने बाजूला टाकली. मग म्हणाली, "काकवी बगितलीयास न्हवं? गुऱ्हाळातली?"

"व्हय."

"माज्या माह्यारी काकवी पितळीत वतायची. काठाला पातळ असती, तितं तांबूस दिसती. मदी खोल असती, तितं काळी. आनि वरनं उजेड पडला की चमकती. तसं हुतं ते. गालाच्या हाडावर तांबूस, गळ्यापाशी काळं. शेडातनं यायचं तवा वरनं काजळीबी असायची. लोकास्नी समदं येकच दिसायचं. काजळी कुटं संपती आनि ते कुटं सुरू व्हत्यात, ते फकस्त मला ठावं हुतं."

चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी हे पोरासमोर बोलली आणि अजिबात लाजली नाही. आम्हीच खाली बघायला लागलो.

काकवी आणायला मी कडेगावला गेलो. एसटीने. परत येताना बाटली मांडीवर धरून बसलो होतो, तर शेजारचा विचारतो, औषध का? मी म्हटलं, रंग. तो पुढच्या थांब्याला उठून दुसरीकडे बसला.

जालिंदरने पितळी ताटलीत काकवी ओतली, खिडकीच्या उजेडात ठेवली आणि काम सुरू केलं. ठरलेली गोष्ट मिळाली होती. काठाच्या तांबड्यावरून गालाचं हाड, मधल्या काळ्यावरून गळा. दोन दिवस तो काकवीकडे बघत होता आणि मुंग्या त्याच्याकडे. ताटलीतून टेबलावर, टेबलावरून की-बोर्डात. माया म्हणाली, "लोकांच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागतो, आमच्या घरी मुंग्या लागल्या." तिसऱ्या दिवशी त्याने कपाळावर आणि एका गालावर काजळीचा हात दिला, हलका, खालचा रंग दिसेल असा. महंमदचाचांनी शिकवलेला सगळा हात त्याने वापरला, फक्त उलट्या बाजूने.

त्या दिवसांत हॅरल्डचा निरोप आला होता की हिरव्याबद्दल मंडळाचं एकमत होत नाहीये, तुमचं शेवटचं मत काय. जालिंदरने उत्तर दिलं की हिरवा कुठलाही घ्या. मंडळाला धक्का बसला असं ऐकतो.

चौकट मीच केली. साधी, सागवानी, नक्षी नाही. आणि काच बसवली नाही. काचेवर उजेड पडला की म्हातारीला काही दिसलं नसतं. चाळीस वर्षांत काचेशिवाय मी दिलेली ही पहिली चौकट.

गुरुवार होता. या वेळी शिरा नव्हता आणि नवा सदराही नव्हता. भामाबाई उंबऱ्यापाशी उन्हात बसली होती. जालिंदरने चौकट तिच्या मांडीवर ठेवली आणि मागे सरून भिंतीला टेकला. मी भिंतीवरच्या फोटोकडे हात करून हळूच विचारलं, "मावशी, ह्येला आता काढू का खाली?"

"ऱ्हाऊ दे. पन्नास वर्सं घरात हाय बिचारा. आता कुटं जाईल."

मग तिने चौकट उचलली. खिडकी आता दोन बोटांएवढी उरली होती. तिने इंजिन शोधलं नाही, झेंडू शोधला नाही. फोटो डोळ्यासमोर इकडून तिकडे सरकत राहिला, एकदा आकाश आलं, एकदा चाक आलं, आणि मी मनात म्हटलं, उशीर झाला. जालिंदरने डोळे मिटून घेतले होते.

मग फोटो थांबला. भामाबाईने तोंड इतकं जवळ नेलं की नाक कागदाला टेकलं. एका हाताने तिने डोक्यावरचा पदर चाचपला आणि नीट पुढे ओढला. आमच्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"आवं," ती म्हणाली, नेहमीच्या जरा कुरकुरत्या आवाजात, "आदी हातपाय धुवा. मग वाढते."